मल्ल आणि त्याचा पोशिंदा

आमच्या घरीं तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर कोणी बाहेरचा मनुष्य आला, तर तो बहुधा तीन कामांपैकीं एका कामासाठीं आलेला असतो. मुलाला संस्कृतांत गुण कमी पडलेले असतात, लग्नपत्रिकेचा मजकूर शुद्ध करून हवा असतो, अथवा एखाद्या अर्जावर कोणा प्रतिष्ठिताची सही पाहिजे असते. उभा जन्म मास्तरकीत घालविलेल्या मनुष्याच्या वाट्याला सेवानिवृत्तीनंतर एवढीच प्रतिष्ठा शिल्लक राहते; आणि तीहि कांहीं थोडी नव्हे. परंतु गेल्या श्रावणांत नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीं माझा एक जुना विद्यार्थी जें काम घेऊन आला, तें या तिहींत बसणारें नव्हतें. त्याच्या मागोमाग विशीच्या आंतबाहेरचा एक तरुण व त्याची आई अशीं दोघें ओटीवर आलीं. विद्यार्थ्यानें माझ्यापुढें एका इंग्रजी करारपत्राचीं अकरा पानें ठेविलीं आणि म्हटलें, "गुरुजी, हा पोरगा कुस्ती शिकायला सहा महिने अमेरिकेंत जायचा आहे. कागद वाचून सांगा. आणि मनाला पटलें तर जामीन राहा."

'जामीन' हा शब्द ऐकतांच माजघराच्या दाराशीं बांगड्यांची हालचाल झाली, हें वाचक भगिनींस सांगावयास नकोच.

हा विद्यार्थी शाळेंत असतांना धातुरूपांत कच्चा आणि हुतूतूंत पक्का होता. पुढें तो आमच्या हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींत एका कारखान्यांत नोकरीस लागला, आणि गेलीं सहा वर्षें ती नोकरी सांभाळून एक कुस्तीमंडळी चालवीत आहे. मंडळी म्हणजे पत्र्याचें एक भाड्याचें गोदाम, त्यांत चारी बाजूंनीं दोर बांधलेलें एक चौथरें, चौदा-पंधरा होतकरू तरुण, आणि वर्षाकाठीं तिकीट लावून केलेले सात-आठ खेळ. ही कुस्ती तांबड्या मातींतली नव्हे. दूरचित्रवाणीवर दिसते ती, रंगीबेरंगी पोशाखाची, जींतील हारजीत आधींच ठरलेली असते. आमचे वडील बंधू तिला 'नाटकी मारामारी' म्हणतात, आणि ती लागली कीं नातवाच्या हातांतून यंत्र काढून घेऊन बातम्या लावतात.

माझेंहि मत बरेच दिवस दादांसारखेंच होतें. निकाल आधीं ठरलेला असेल तर ती कुस्ती कसली? परंतु ज्या विषयावर सही मागितली जाते तो विषय न पाहतां सही करणें, किंवा न पाहतां नाकारणें, हीं दोन्हीं मास्तराला शोभत नाहींत. म्हणून दुसऱ्याच दिवशीं मी त्या गोदामांत जाऊन बसलों.

तेथें गेल्यावर पहिली गोष्ट मला ही समजली कीं, नवशिक्याला प्रथम कोणाला पाडावयास शिकवीत नाहींत, पडावयास शिकवितात. हनुवटी छातीशीं, पाठ गोल, आणि अंग खालीं टेकण्याच्या क्षणीं दोन्हीं हातांचे तळवे जोरानें जमिनीवर. आघात एका जागीं न बसतां सर्वांगावर वांटला जावा, हा त्यांतील हेतु. चौथऱ्याखालीं लोखंडी तुळया, तुळयांवर लांकडी फळ्या, फळ्यांवर बोटभर जाडीचा फोम व त्यावर ताणलेलें जाड कापड, एवढाच काय तो बिछाना. तो तरुण माझ्यासमोर चाळीस वेळां पाठीवर पडला. प्रत्येक वेळीं आवाज असा होई कीं, माझ्या स्वतःच्या पाठींत कळ येई. निकाल ठरलेला असतो हें खरें. परंतु फळीहि खरी असते आणि पाठहि खरी असते. ज्यानें दुसऱ्याला डोक्यावर उचललें आहे, त्याच्या हातांत त्या दुसऱ्याची मान असते. ती सांभाळून खालीं ठेवणें हेंच या विद्येंतील कसब. नाटकांत कीचक खरोखर मरत नाहीं म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागत नाहीं. तेव्हां खरें-खोटें हा प्रश्न मीं गोदामाच्या दाराशींच सोडून दिला. दुसरा एक प्रश्न मात्र मजबरोबर घरीं आला. तो असा कीं, ज्याच्या पाठीवर हा खेळ उभा आहे, त्या मल्लाचा भार कोणीं वाहावयाचा?

संस्कृताच्या शिक्षकाला कोणत्याहि गोष्टीचें मूळ जुन्या ग्रंथांत शोधण्याची खोड असते. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें 'मानसोल्लास' नांवाचा थोर ग्रंथ रचिला. राजानें काय खावें, काय पाहावें, मन कशांत रमवावें, याचा तो जणूं कोशच आहे. त्यांत मल्लविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांच्या श्रेणी, त्यांचा व्यायाम, त्यांच्या लढती, या सर्वांचें वर्णन त्यांत येतें. परंतु माझें लक्ष वेधलें तें एका साध्या गोष्टीनें. मल्लांना पौष्टिक अन्न पुरविण्याचा भार त्यांत राजावर टाकलेला आहे. कुस्ती पाहण्याची हौस ज्याची, खुराकाचा खर्चहि त्याचाच, हा हिशेब नऊशें वर्षांपूर्वीं मांडला गेला होता. आपल्या बोलींत अशा मनुष्याला पोशिंदा म्हणतात.

महाराष्ट्रांत हा हिशेब सर्वांत मोठ्या मनानें कोणीं चालविला असेल, तर तो कोल्हापूरच्या राजर्षि शाहू महाराजांनीं. १९०२ सालीं सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणानिमित्त ते विलायतेस गेले होते. त्या प्रवासांत रोम येथील प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यांत आलें. परत आल्यावर त्यांनीं कोल्हापुरांत खासबाग मैदानाची उभारणी केली. १९१२ सालीं तें पुरें झालें. मधोमध मातीचा हौदा, आणि भोंवतालीं चढत गेलेली बैठक, म्हणजे शेवटल्या मनुष्यालाहि डाव दिसावा. परंतु केवळ मैदान बांधून कुस्ती होत नाहीं. महाराजांनीं तालमींना आश्रय दिला, उत्तरेकडील नामांकित मल्लांना कोल्हापुरांत आणून ठेविलें, आणि त्यांच्या खुराकाची व्यवस्था लावली. परदेशांत जें चांगलें दिसलें तें घरीं आणलें, आणि परप्रांतांतून जो गुणी आला त्याला घरचा केला. मैदान, तालीम आणि खुराक या तिहींचा धनी एकच होता, म्हणून मल्लाला कोणाच्या दारीं जावें लागलें नाहीं.

आमचा विदर्भहि या बाबतींत मागें नव्हता. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं जी व्यायामशाळा काढली, तीच पुढें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नांवारूपास आली. या मंडळाचें पथक १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं जर्मनीस गेलें आणि तेथें त्यानें आपल्या देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. त्यामागें कोणी छत्रपति नव्हता. संस्था होती, आणि तिला मानणारे लोक होते.

राजा नाहीं, संस्थाहि नाहीं, केवळ धनिक आणि व्यवस्थापक यांच्या बळावर मल्ल परदेशीं गेल्याचें प्रसिद्ध उदाहरण गामा पहिलवानाचें. १९१० सालीं शरत्कुमार मित्र या बंगाली धनिकाच्या पैशावर गामा, त्याचा भाऊ इमामबक्ष व आणखी दोघे मल्ल लंडनला गेले. तेथें बेंजामिन नांवाच्या इंग्रज व्यवस्थापकानें त्यांचे खेळ लाविले. गामानें अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला हरविलें. १० सप्टेंबर १९१० रोजीं पोलंडच्या झिबिस्कोशीं त्याची गांठ पडली. झिबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ पालथा पडून राहिला आणि कुस्ती निकालावांचून थांबविण्यांत आली. १७ सप्टेंबरला पुन्हां कुस्ती ठरली. त्या दिवशीं झिबिस्को आलाच नाहीं. गामाच्या बळाची ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों. परंतु आगबोटीचें भाडें कोणीं दिलें, लंडनमधील बिऱ्हाडाचा खर्च कोणीं सोसला, हा भाग सांगतांना आपण नेहमीं गाळतों. बळ गामाचें होतें. समुद्र ओलांडला तो मित्रबाबूंच्या पैशानें.

आतां या सर्व कथेचा कळस जो, त्या खाशाबा जाधवांकडे वळूं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या खेड्यांत १५ जानेवारी १९२६ रोजीं त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः कुस्तीगीर. खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांत शिकत असतां १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठीं निवडले गेले, आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनीं केला. जन्मभर मातींत खेळलेल्या मल्लाला गादीवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम नवे होते. तरीहि आपल्या वजनगटांत ते सहावे आले. परतले ते आपल्याला काय येत नाहीं हें नेमकें समजून घेऊन. आणि परदेशगमनाचा याहून मोठा लाभ नाहीं.

पुढील ऑलिंपिक चार वर्षांनीं, १९५२ सालीं, हेलसिंकी येथें व्हावयाचें होतें. मधल्या काळांत एक मोठी घटना घडली. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. तें व्हावयास हवेंच होतें. परंतु ज्या खजिन्यांतून मल्लाचें तिकीट निघत असे तो खजिना गेला, आणि त्याच्या जागीं दुसरा उभा राहण्यापूर्वींच खाशाबांची निघण्याची वेळ आली. मग त्यांनीं लोकांकडे हात पसरला. गांवोगांवच्या माणसांनीं जमेल तें दिलें. तरी तोंडमिळवणी होईना. तेव्हां राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकलें आणि ७,००० रुपये उभे केले.

वाचकहो, येथें मी थोडा थांबतों. एका शिक्षकानें विद्यार्थ्यासाठीं घर गहाण टाकलें, हें वाक्य मीं वर्गांत किती वेळां सांगितलें असेल याची गणती नाहीं. सांगतांना माझा ऊर अभिमानानें भरून येत असे, जणूं कांहीं तें घर माझेंच होतें. ओटीवर तीं अकरा पानें येऊन पडेपर्यंत मला हें सुचलें नव्हतें कीं, त्या वाक्यांत शिक्षकासाठीं एक अवघड प्रश्नहि दडलेला आहे.

२३ जुलै १९५२ रोजीं खाशाबांनीं बँटमवेट गटांत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरें मिळावयास १९९६ साल उजाडावें लागलें. परंतु त्या दिवसाचा एक भाग पदकाच्या चकाकीखालीं झांकला जातो. जपानच्या इशी याच्याशीं प्रदीर्घ लढत होतांच त्यांना लगोलग रशियाच्या मल्लाशीं लढण्यास पाचारण झालें. दोन कुस्त्यांच्या मध्यें अर्ध्या तासाची विश्रांति हा त्यांचा हक्क होता; परंतु तो हक्क सांगावयास त्या क्षणीं तेथें एकहि भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा उतरले आणि हरले. मल्लाला परदेशीं पोंचविलें म्हणजे पोशिंद्याचें काम संपलें असें मानणाऱ्यांनीं ही अर्ध्या तासाची गोष्ट ध्यानांत ठेवावी. भाडें भरलें होतें, अंगांत बळ होतें, डाव येत होता. बाजूस उभें राहून दोन शब्द बोलणारा मात्र कोणी नव्हता.

परत आल्यावर कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत शंभरांहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनीं जें केलें तें मला पदकाइतकेंच मोलाचें वाटतें. त्यांनीं कोल्हापुरांत कुस्त्यांचें मैदान भरविलें, त्यांत स्वतः कुस्त्या केल्या, आणि आलेल्या पैशांतून खर्डेकर सरांचें घर सोडविलें. मैदानानें मल्लाला घडविलें, मल्ल परदेशीं जाऊन आला, आणि त्यानें पुन्हां मैदान भरवून ऋण फेडलें. असें हें वर्तुळ पुरें झालें. तें एकदांच पुरें झालें, हें आपलें दुर्दैव. खाशाबा पुढें पोलिसखात्यांत नोकरीस लागले, १४ ऑगस्ट १९८४ रोजीं अपघातांत वारले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर.

आतां कोणी म्हणेल, ऑलिंपिकची निर्मळ कुस्ती कोठें आणि तिकीट लावून केलेला हा देखावा कोठें! भेद आहे, आणि तो मी नाकारीत नाहीं. परंतु पडणाऱ्याच्या पाठीला हा भेद कळत नाहीं, आणि परमुलखांत एकट्या पडलेल्या पोराला तर मुळींच कळत नाहीं. शिवाय या नव्या खेळांत पोशिंद्याची जागा बहुतेक वेळां करारपत्रानें घेतली आहे. आपल्या पुण्यांतच डिसेंबर २०११ मध्यें एका अमेरिकन कंपनीनें बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत 'रिंग का किंग' नांवाच्या कुस्त्या भरविल्या, आणि २०१२ सालीं त्या दूरचित्रवाणीवर दाखविल्या गेल्या. थाट मोठा होता. पण एक हंगाम झाला आणि खेळ मिटला. त्यांत 'महाबली वीरा' या नांवानें गाजलेला भारतीय मल्ल पुढें 'महाबली शेरा' होऊन अमेरिकेंतील आखाड्यांत उतरला. मार्ग खरोखर आहे, एवढें त्यावरून दिसतें. तो निर्धोक आहे असें मात्र दिसत नाहीं. २००१ सालीं कॅलिफोर्नियांतील एका कुस्तीशाळेंत एक शिकाऊ तरुण सरावांत डोक्यास मार लागून मरण पावला. त्याच्या डोक्याला आधींहि इजा झाली होती, तरी सराव चालू राहिला होता. पुढें न्यायालयांत शाळेलाच दोषी धरण्यांत आलें.

एवढें पाथेय बरोबर घेऊन मी त्या अकरा पानांकडे वळलों. माझें इंग्रजी मॅट्रिकच्या इयत्तेचें. म्हणून सूनबाईंना जवळ बसविलें. त्या वाणिज्याच्या पदवीधर असल्यामुळें असले कागद वाचण्याचा त्यांना सराव आहे. दोन रात्रींत आम्हांला जें उमगलें तें असें. शिक्षणाची व राहण्याची सर्व रक्कम आगाऊ भरावयाची, आणि ती कोणत्याहि कारणानें परत मिळावयाची नाहीं. येतांनाच्या विमानभाड्याचा कागदांत उल्लेखच नाहीं. दुखापत झाल्यास ती सर्वस्वीं शिकणाऱ्याची. पुढील तीन वर्षें जी मिळकत होईल तिचा तिसरा हिस्सा मध्यस्थाचा. आणि आखाड्यांत त्याला जें नांव देण्यांत येईल तें त्याचें नव्हे. शाळा सोडली कीं नांवहि सोडावयाचें. सूनबाईंनीं आणखी दोन गोष्टी चौकशी करून आणल्या. शिकण्याच्या परवान्यावर गेलेल्यास तेथें परवानगीवांचून पैसे घेऊन कुस्ती खेळतां येत नाहीं, म्हणजे सहा महिने केवळ खर्चच खर्च. आणि प्रवासाचा जो सामान्य विमा उतरवितात त्यांत धंदा म्हणून खेळलेल्या खेळांतली दुखापत बहुधा वगळलेली असते.

तिसऱ्या दिवशीं सर्व मंडळी पुन्हां ओटीवर जमलीं. मीं मनांत एक लहानसें व्याख्यान तयार करून ठेविलें होतें. सोमेश्वरापासून खर्डेकरांपर्यंत सर्व दाखले त्यांत होते, आणि शेवट असा होता कीं, बाबारे, पोशिंदा म्हणवून घेतोस तर आधीं स्वतःचें कांहीं पणाला लाव. मी घसा साफ करतों आहें तोंच मुलाच्या आईनें पदराच्या गांठींतून एक पुडी काढून माझ्यापुढें ठेविली. "गुरुजी, ह्या पाटल्या ठेवा. पन पोराले नाई म्हनू नका." पाठोपाठ माझा विद्यार्थी खालीं मान घालून म्हणाला, "काकू, त्या उचला. गुरुजी, मीं माझा प्लॉट गहाण ठेवला आहे. शिक्षणाची रक्कम भरण्याइतके पैसे झाले आहेत. जामीन हवा आहे तो पुढच्यासाठीं." त्यानें ही गोष्ट आपल्या बायकोखेरीज कोणाला सांगितली नव्हती.

माझें व्याख्यान घशांतच राहिलें. ज्याला मी पोशिंद्याचा धर्म शिकविणार होतों, त्यानें तो मला न विचारतांच आचरला होता. ओटीवर कोणी बोलेना. तेव्हां आजवर एक शब्दहि न बोललेल्या आमच्या वहिनी दाराआडून म्हणाल्या, "जाण्याचें सगळें झालें म्हणतां. पोराचा पाय मोडला, तर त्याला घरीं कोण आणणार?"

अकरा पानें आणि माझे सगळे दाखले यांत जो प्रश्न कोणी धड विचारला नव्हता, तो हा. त्या प्रश्नावर त्या संध्याकाळीं पुढील ठराव झाला. मुलाच्या आईच्या पाटल्या तिच्या हातांतच राहाव्या. परतीच्या भाड्याची व आजारपणाची रक्कम प्रथम वेगळी काढावी. ती विद्यार्थी, मुलाची आई व मी अशा तिघांच्या नांवानें बँकेंत राहावी, आणि मुलगा परत येईपर्यंत तिला कोणीं हात लावूं नये. मंडळीच्या पुढील दोन खेळांचें उत्पन्न त्या खात्यांत जावें. खेळांतली दुखापत ज्यांत मोडते असा विमा मिळाल्याशिवाय मुलानें निघूं नये. तेथें पोंचल्यावर डोक्यास मार लागला, तर वैद्यानें लिहून दिल्यावांचून पुन्हां फळीवर उतरविणार नाहीं, असें शाळेनें लेखी द्यावें. आणि आखाड्यांतील नांव मुलाचें मुलाजवळ राहावें.

कमी पडत होते ते पाऊण लाख रुपये माझ्या ठेवींतून त्या खात्यांत गेले. यांत आत्मस्तुतीचा वास येऊं नये म्हणून लगेच सांगतों कीं, त्यापूर्वीं आमच्या घरांत दोन दिवस कडाक्याचा वाद झाला. आमच्या मंडळींनीं नातवाच्या शिक्षणाची आठवण दिली, आणि ती रास्त होती. दादा म्हणाले, "नाटकी मारामारीसाठीं खरे पैसे!" तिसऱ्या दिवशीं मात्र ते फिरावयास म्हणून बाहेर पडले ते तासाभरानें परतले. कोठें गेला होतां असें विचारतां, "त्या गोदामाकडून आलों. फार जोरानें पडतो हो तो पोरगा," एवढेंच म्हणाले, आणि पुढें वादाचा विषय काढला नाहीं. घर मीं गहाण टाकलेलें नाहीं. खर्डेकर सरांचें नांव घेण्याची माझी योग्यता त्या ठेवीनें वाढली असें मी समजत नाहीं. मात्र ती कथा सांगतांना आतां माझा आवाज पूर्वीसारखा चढत नाहीं.

घरोघरीं कुस्तीगीर नसतात हें मी जाणतों. परंतु नाच, गाणें, खेळ, पाकशास्त्र, असें कांहीं ना कांहीं शिकावयास परदेशीं निघालेलें मूल आज पुष्कळ घरांत आहे, आणि त्याला नेणारा कोणी तरी मध्यस्थहि आहे. अशा वेळीं जाण्याचा थाट पाहून हुरळून जाऊं नये, आणि 'नसते उद्योग' म्हणून झिडकारूंहि नये. आमच्या वहिनींचा प्रश्न विचारावा, त्याचें उत्तर कागदावर मागावें, आणि नेणाऱ्यानें स्वतःचें काय पणाला लावलें आहे हें पाहावें. ज्यानें कांहींच लावलेलें नाहीं, त्याच्या हातीं आपलें मूल देऊं नये.

असो. आमच्या अटींचें पत्र जाऊन सात आठवडे झाले. परतीचें भाडें आणि नांव या दोन अटी मान्य असल्याचें उत्तर आलें. डोक्याच्या दुखापतीच्या अटीवर अद्याप कांहींच नाहीं. तें येईपर्यंत मुलानें निघावयाचें नाहीं असें ठरलें आहे, आणि तो तें मुकाट्यानें पाळतो आहे. रोज संध्याकाळीं गोदामांतून सुटला कीं तो आमच्या ओटीवर येतो, "गुरुजी, आलें काय?" म्हणून विचारतो, आणि नाहीं म्हटलें कीं खालीं बसून तींच अकरा पानें उघडतो. आपण कशावर सही करणार तें आपल्याला वाचतां आलें पाहिजे, असा सूनबाईंचा हट्ट आहे. सात पानें झालीं. आठव्यावर तो अडला आहे.